नाताळचा पाहुणा वितळतो तेव्हा

डिसेंबर लागला की इंग्लंडमधल्या मराठी घरांत एक वाद ठरलेला असतो. तुमच्याकडे लहान मूल असेल, तर तो तुमच्याही घरी झाला असेल किंवा लवकरच होईल. नर्सरीतून निरोप येतो: शुक्रवारी ख्रिसमस जंपर घालून पाठवा. मागोमाग दुसरा: नेटिव्हिटीच्या नाटकात तुमचं बाळ मेंढी आहे, पांढरे कपडे हवेत. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, मुलाला वर्गात वेगळं वाटायला नको, आणूया झाड. दुसरा म्हणतो, दिवाळीला अर्ध्या दिवसाची रजा मिळाली नाही आणि नाताळला आठवडाभर दिवे? मग आपलं काय राहिलं?

मला या वादात फारसा रस नाही, कारण दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरतात. नाताळ म्हणजे एकच काहीतरी, ते घ्या नाहीतर सोडा. प्रत्यक्षात मुलांपर्यंत नाताळ पोचतो तो गोष्टींमधून. चित्रपुस्तकं, वर्षातून एकदा लागणारी फिल्म, शेल्फवर बसवलेला बाहुला. या गोष्टी एकमेकींशी भांडतात. एक गोष्ट मुलाला सांगते की तुझ्यावर कोणाचीतरी नजर आहे. दुसरी सांगते की तुझी भेटवस्तू आणणारा माणूस दमलाय. तिसरी सांगते की आलेला मित्र सकाळी नसेल. तेव्हा खरा प्रश्न ‘नाताळ करायचा का’ हा नाही. कुठला नाताळ, हा आहे. आज त्या तीन गोष्टी नीट वाचून बघूया.

त्याआधी ‘आपलं’ आणि ‘त्यांचं’ याबद्दल थोडं. इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातला एक माणूस, थॉमस स्टीफन्स, १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ रायतूरला छापलं गेलं. येशूच्या जन्माची कथा, मराठी ओवीत. याउलट सजवलेलं झाड इंग्लंडच्या सर्वसामान्य घरांत रूढ झालं ते १८४८ नंतर, राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांच्या घरातल्या झाडाचं चित्र ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये आल्यावर. म्हणजे नाताळची कथा मराठीत झाडाच्या दोनशेहून अधिक वर्षं आधी आलेली आहे. ‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगीजांकडून आपल्याकडे येऊन घरचा झालाय. वसईच्या किंवा गोव्याच्या घरी डिसेंबरात गेलात, तर ताटात नेवरी दिसेल, जिला आपण दिवाळीत करंजी म्हणतो. त्यामुळे ‘हे आपलं नाही’ असं म्हणण्याआधी ‘आपण’मध्ये कोण कोण येतं ते मोजायला हवं.

आणि ‘त्यांची जुनी परंपरा’ तरी किती जुनी? अमेरिकन इतिहासकार स्टीफन निसनबॉम याने ‘द बॅटल फॉर ख्रिसमस’ या १९९६च्या पुस्तकात दाखवलंय की एकोणिसाव्या शतकाआधीचा नाताळ बराचसा रस्त्यावरचा सण होता. दारू, दंगा, आणि गरिबांनी श्रीमंतांच्या दारात जाऊन हक्कानं खाणंपिणं मागणं. मॅसॅच्युसेट्समधल्या कर्मठ प्रोटेस्टंट मंडळींनी तर १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळण्यावर दंड ठेवला होता. पुढे न्यूयॉर्कच्या सुखवस्तू वर्गानं हा सण रस्त्यावरून उचलून दिवाणखान्यात आणला. मोठ्यांनी धाकट्यांना द्यायचं हे सूत्र तसंच राहिलं, फक्त दारातल्या गरिबाची जागा घरातल्या मुलानं घेतली. आपल्याकडे त्याच शतकाच्या शेवटी बरोबर उलटं घडलं. घराघरातला गणपती टिळकांच्या पुढाकारानं १८९३ पासून चौकात आला. सण घरातून रस्त्यावर गेला. दोन्हीकडे लोकांनी आपल्या गरजेप्रमाणे सण घडवला. तुम्ही आज तुमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये काही ठरवताय, तेही त्याच प्रकारचं काम आहे.

आता पहिली गोष्ट. ‘द एल्फ ऑन द शेल्फ’ हे पुस्तक २००५ साली अमेरिकेत आलं आणि आता अटलांटिकच्या या बाजूलाही घरोघरी पोचलंय. पुस्तकासोबत एक बाहुला मिळतो. तो दिवसभर शेल्फवर बसून मुलांकडे बघतो, रात्री सांताकडे जाऊन अहवाल देतो आणि सकाळी घरात नव्या जागी सापडतो. मुलांनी त्याला हात लावायचा नाही, लावला तर त्याची जादू जाते.

या शेवटच्या नियमावर जरा थांबा. बाहुला आहे, आणि त्याला हात लावायचा नाही! खेळणं म्हणून मिळालेली वस्तू मुलाशी खेळत नाही, ती मुलावर पाळत ठेवते. लॉरा पिंटो आणि सेलीना नेमोरिन या कॅनडातल्या अभ्यासकांनी २०१४ साली नेमका हाच मुद्दा मांडला होता, की अशानं मुलांना पाळतीची सवय लागते. तेव्हा अनेकांनी त्यांची थट्टा केली. मला त्यांचं म्हणणं पटतं, पण माझा आक्षेप थोडा वेगळा आहे. ही गोष्ट म्हणून वाईट आहे. तिच्यात काही घडतच नाही. रोज सकाळी बाहुला नवीन ठिकाणी, बस. घडवायचं काम आईबापांवर, आणि तेही रात्री अकराला, डोळ्यांवर झोप असताना. मुलाच्या वाट्याला फक्त शोधणं आणि घाबरणं येतं.

आपण मात्र इथे नाक मुरडायला नको. ‘देवबाप्पा बघतोय हं’ हे वाक्य ऐकूनच आपण मोठे झालो, आणि बागुलबुवा तर अहवालसुद्धा न पाठवता थेट उचलून न्यायचा. फरक इतकाच, की बागुलबुवा विकत मिळत नव्हता. पण मुलाला वळण लावण्यासाठी भीती उसनी आणणं दोन्हीकडे सारखंच. तेव्हा एल्फ परका आहे म्हणून त्याला नकार देऊ नका. आपल्याकडची तीच खोड आपण सोडायला निघालो आहोत म्हणून द्या.

दुसरी गोष्ट रेमंड ब्रिग्जची. ‘फादर ख्रिसमस’ हे त्याचं पुस्तक १९७३ साली आलं आणि त्याला चित्रपुस्तकांसाठीचं केट ग्रीनवे पदक मिळालं. इथला म्हातारा उन्हाळ्याच्या सुट्टीचं स्वप्न बघत झोपलाय. गजर होतो, आणि त्याच्या लक्षात येतं की आज कामाचा दिवस. तो कुरकुरतो. चहा करतो, जनावरांना खायला घालतो, गाडी भरतो आणि थंडीला शिव्या घालत निघतो. धुराड्यातून उतरताना काजळी, छपरांवर बर्फ, वर पाऊस. पहाटे त्याला दूधवाला भेटतो. दोघंही पाळीवरचे कामगार. शेवटी घरी येऊन तो गरम पाण्यानं अंघोळ करतो, स्वतःसाठी जेवण रांधतो, एकटाच जेवतो आणि झोपतो.

ब्रिग्जचे वडील दूधवाले होते. आई लग्नाआधी श्रीमंत घरात मोलकरीण होती. त्या दोघांचं चरित्र त्यानं पुढे १९९८च्या ‘एथेल अँड अर्नेस्ट’मध्ये रेखाटलं. हे माहीत असलं की पुस्तक अजूनच उलगडतं. इथे फादर ख्रिसमस न्यायाधीश नाही. कोण शहाणं, कोण खोडकर, याची यादी तो बघत बसत नाही. त्याला फक्त काम उरकून घरी जायचंय. भेटवस्तू चांगल्या वागणुकीचं बक्षीस म्हणून येत नाही. कोणीतरी रात्रभर राबलं म्हणून ती येते.

परदेशातल्या मराठी घरांनी हे पुस्तक घ्यावं असं मला वाटतं, ते याच कारणासाठी. आपल्यातले कितीतरी जण २४ डिसेंबरच्या रात्री कामावर असतात. रुग्णालयाच्या वॉर्डात, गोदामात, डिलिव्हरीच्या गाडीवर, सर्व्हर बंद पडू नये म्हणून लॅपटॉपसमोर. आखातात तर नाताळ म्हणजे अनेकांसाठी नेहमीसारखा कामाचा दिवस. ज्या मुलाची आई त्या रात्री नर्सच्या ड्युटीवर आहे, त्याला हे पुस्तक लगेच कळेल. आणि ज्याचे आईबाबा घरी आहेत, त्याला विचारता येईल: आज आपल्या गल्लीत कोण कोण कामावर आहे रे? कुरिअरवाल्या काकांसाठी दारात चिवड्याची पुडी ठेवायची का?

पुस्तकाची एक मर्यादाही सांगते. इथे राबणारा पुरुष आहे, तो एकटा आहे आणि तो मोठ्यांदा कुरकुरतो. प्रत्यक्षात नाताळचं बहुतेक काम घरात होतं, आणि आपल्या घरांत तर ते दुप्पट होतं. नोव्हेंबरात फराळ, डिसेंबरात भेटवस्तू, कार्डं, शाळेच्या नाटकाचे कपडे. ही यादी कोणाच्या डोक्यात असते हे तुम्हाला माहीत आहे. तिची कुरकुर मात्र पुस्तकात येत नाही. मोठ्यांदा वाचून झाल्यावर मुलालाच विचारून बघा, आपल्या घरातला फादर ख्रिसमस कोण? उत्तर ऐकून बाबालोकांनी उठून भांडी घासली, तर वाचन सार्थकी लागलं म्हणायचं.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. ब्रिग्जचंच ‘द स्नोमॅन’, १९७८. गोष्ट तुम्हाला माहीत असेल. मुलगा बर्फाचा माणूस करतो, तो रात्री जिवंत होतो, मुलगा त्याला घर दाखवतो. बर्फाच्या माणसाला फ्रीजरचा गारवा आवडतो, आगीची भीती वाटते, बाबांच्या कवळीची गंमत वाटते. मग तो मुलाला हवेतून फिरवून आणतो. पहाटेची चाहूल लागताच दोघं घाईनं परततात. सकाळी मुलगा बाहेर धावतो. अंगणात वितळलेला ढिगारा आणि त्यावर टोपी. संपलं.

दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, या पुस्तकात नाताळ नाहीच. झाड नाही, फादर ख्रिसमस नाही. ते सगळं नंतर आलं, १९८२च्या फिल्ममध्ये. दोन, या पुस्तकात शब्द नाहीत. सगळी गोष्ट रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या चौकटींतून पुढे जाते.

आपल्यासाठी हा दुसरा मुद्दा फार मोलाचा आहे. परदेशात मराठी चित्रपुस्तकं मिळवायची म्हणजे कोणाच्यातरी बॅगेत जागा मागायची. आणि हे पुस्तक इथल्या प्रत्येक वाचनालयात फुकट मिळतं. भाषा घालायची ती आपणच, म्हणजे हे मराठी पुस्तकच झालं की! आमच्या साडेतीन वर्षांच्या लेकीला मी ते मराठीतच सांगते. व्हिडिओ कॉलवर तीच आजीला सांगते, की आजी, हा माणूस बघ, फ्रीजरमध्ये बसलाय. आजीचं इंग्रजी आणि नातीचं मराठी जिथे अपुरं पडतं, तिथे चित्र दोघींना पुरतं.

पण सांगायला लागलात की शेवटच्या पानावर अडकाल. तिथे क्रियापद निवडावं लागतं. बर्फाचा माणूस ‘वितळला’? ‘गेला’? ‘मेला’? की ‘गावाला गेला’, जसे आपले बाप्पा जातात? शब्द नसलेलं पुस्तक हा निर्णय तुमच्यावर सोडतं, आणि हा निर्णय लहान नाही. ब्रिग्जचे आईवडील दोघंही १९७१ साली वारले आणि बायको १९७३ साली. त्यानंतर पाच वर्षांनी हे पुस्तक आलं. त्यात सांत्वन नाही, याचं आश्चर्य वाटायला नको.

आता फिल्म. डायान जॅक्सननं दिग्दर्शित केलेली ही सव्वीस मिनिटांची फिल्म २६ डिसेंबर १९८२ला चॅनल फोरवर पहिल्यांदा लागली, वाहिनी सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. तेव्हापासून ती दर नाताळात लागते. हॉवर्ड ब्लेकचं संगीत आणि उड्डाणाच्या वेळचं ते एक गाणं सोडलं, तर फिल्मच्या गोष्टीतही संवाद नाहीत. फिल्मवाल्यांनी भर घातली ती उत्तर ध्रुवाची. तिथे बर्फाच्या माणसांची मेजवानी, फादर ख्रिसमसची भेट आणि त्यानं मुलाला दिलेला स्कार्फ. सकाळी वितळलेल्या ढिगाऱ्यासमोर गुडघे टेकलेल्या मुलाला खिशात तो स्कार्फ सापडतो.

पुस्तकावर प्रेम करणारे लोक या स्कार्फवर चिडतात. म्हणतात, दुःख गोड करून टाकलं. माझं मत उलटं आहे. स्कार्फमुळे दुःख कमी होत नाही, वाढतं. स्कार्फ नसता तर मुलाला म्हणता आलं असतं की ते स्वप्न होतं. आता म्हणता येत नाही. मित्र खरा होता, आणि तो खरोखर गेला. आपल्याकडे आजोबा गेल्यावर त्यांचा चष्मा ड्रॉवरमध्ये सापडतो, तसाच तो स्कार्फ आहे.

माझी तक्रार मेजवानीबद्दल आहे. पुस्तकात दोघं जण मिळून अनोळखी जग बघतात, मुलगा यजमान आणि बर्फाचा माणूस पाहुणा. रात्रीच्या दुसऱ्या भागात उलट. हे समसमान नातं लहान मुलांच्या गोष्टींत दुर्मिळ आहे. फिल्ममध्ये ते गर्दीत हरवतं आणि शेवटी मुलगा पुन्हा एकदा भेट घेणारा होतो. २०१२चा पुढचा भाग, ‘द स्नोमॅन अँड द स्नोडॉग’, तर आणखी घसरतो. सुरुवातीला कुत्रा मरतो, शेवटी बर्फाचा कुत्रा खराखुरा होऊन घरी राहतो. गेलेल्याच्या जागी लगेच दुसरा. मुलांना हे आवडतं, यात शंका नाही. पण पहिल्या गोष्टीनं जे सांगायचं धाडस केलं होतं, ते या गोष्टीनं मागे घेतलं.

उड्डाणाबद्दल एक सांगायलाच हवं, कारण मुलांना दाखवता येईल. फिल्ममध्ये दोघं ब्रायटनवरून उडतात आणि खाली घुमट आणि मिनार दिसतात. तो रॉयल पॅव्हिलियन. जॉन नॅशनं १८१५ ते १८२२ या काळात राजपुत्रासाठी बांधलेला, भारतीय इमारतींची नक्कल करणारा महाल. पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१६, तिथे जखमी भारतीय सैनिकांचं रुग्णालय होतं. त्यातल्या आणि शहरातल्या इतर रुग्णालयांतल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांवर गावाबाहेरच्या टेकडीवर अग्निसंस्कार झाले. तिथे १९२१ पासून संगमरवरी ‘छत्री’ उभी आहे. ब्रिग्ज याच टेकड्यांच्या पायथ्याशी राहायचा. ‘ही गोष्ट त्यांची’ असं आपण म्हणतो, तेव्हा तिच्या खालून आपलाही इतिहास सरकत असतो.

मग त्या शेवटच्या पानाचं काय? माझं म्हणणं, आपल्याकडे त्याचं उत्तर आधीपासून आहे, आणि ते दोन प्रकारचं आहे. एक गणपतीचं. पाहुणा येतो, लाड होतात, विसर्जन होतं, मूल रडतं, आणि आपण त्याला पुढच्या वर्षीचा वायदा देतो. दुसरं दिवाळीच्या किल्ल्याचं. महाराष्ट्रात वाढला असाल, तर तुम्ही तो केला असेल. दगड, विटा, पोतं, वर चिखल, हळीव पेरायचं, मावळे मांडायचे, वर सिंहासनावर महाराज. दिवाळी संपली की किल्ला राहत नाही. कोणी सांगत नाही की तो गावाला गेला. तो मोडतो, माती होते. आपण थोडे हळहळतो आणि मावळे धुऊन डब्यात ठेवतो. पुढच्या वर्षी तोच किल्ला येत नाही, दुसरा बांधावा लागतो.

बर्फाचा माणूस किल्ल्याच्या जातीचा आहे असं मला वाटतं. मुलानं स्वतःच्या हातानं केलेला, न टिकणारा. म्हणून मी ‘वितळला’ हे क्रियापद निवडलं. ‘गावाला गेला’ नाही. तो परत येईल असं पुस्तक कुठेच म्हणत नाही, आणि मला त्याच्या वतीनं वायदा करायचा नाही. डब्यातले मावळे म्हणजे आपला स्कार्फ. लेकीनं विचारलं, ‘मग तो कुठे गेला?’ मी म्हटलं, ‘पाणी झाला, मातीत गेला.’ ती थोडी रडली. मग म्हणाली, ‘आपण दुसरा करू.’ दक्षिण इंग्लंडमध्ये नाताळात बर्फ क्वचितच पडतो, त्यामुळे आम्ही कणकेचा केला.

तुम्ही कदाचित दुसरं क्रियापद निवडाल. तुमच्या घरात नुकतंच कोणी गेलं असेल, तर यंदा हे पुस्तक बाजूला ठेवणंही ठीक आहे. पण मुलाला रडू येईल म्हणून शेवटचं पान चिकटवून टाकू नका. दूर राहणाऱ्या मुलांना निरोप रोजचेच असतात. विमानतळावर आजी-आजोबा काचेपलीकडे जातात, दर उन्हाळ्याच्या शेवटी. निरोप कसा घ्यायचा हे त्यांना कुठेतरी शिकायला हवंच, आणि रंगीत पेन्सिलीनं काढलेला बर्फाचा ढिगारा ही त्यासाठी बरीच सुरक्षित जागा आहे.

राहिला तो प्रश्न, सांता खरा आहे असं सांगायचं का. तीन-चार वर्षांचं मूल बाहुलीला ताप आलाय असं मानून तिला औषध देतं, आणि ती बाहुली आहे हेही त्याला माहीत असतं. त्याला दोन्ही एकदम जमतं. शपथेवर साक्ष द्यायची गरज नाही, गोष्ट सांगा. विचारलंच तर म्हणा, ‘तुला काय वाटतं?’ आणि उत्तर नीट ऐका.

तेव्हा यंदाचा माझा हिशोब असा. एल्फ नको. ‘फादर ख्रिसमस’ घ्या आणि वाचून झाल्यावर कामं वाटून घ्या. फिल्म बघा, पण आधी पुस्तक, आणि पुस्तक मराठीत. शेवटच्या पानावर तुम्ही कुठलं क्रियापद वापरलंत ते आम्हाला कळवा. जानेवारीच्या पॉडकास्टमध्ये ती सगळी क्रियापदं वाचून दाखवायचा विचार आहे.